अण्णांचा पीएसए ०.०२ वरून ०.७१, मग ०.५२. याचा अर्थ कसा लावायचा?

माळशिरसकर

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, थोडं लांबेल.

माझे वडील, वय ७२, प्रोस्टेटचा कॅन्सर. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. अकलूजजवळच्या आमच्या गावात ते सव्वीस वर्षं दूध संकलन केंद्राचे सचिव होते. मी नोकरीमुळे चाकणला असतो, गावाकडे अण्णा आणि आई दोघंच.

२०२२ च्या एप्रिलमध्ये अण्णा रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठायला लागले. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाची तपासणी) केला तर ३८.६ आला. बायोप्सीत कॅन्सर निघाला, ग्लीसन (तो किती जोरकस ते सांगणारा, दहापैकी आकडा) ४+४, म्हणजे ८. बोन स्कॅन चांगला आला, हाडांत काही नव्हतं. आधी महिनाभर पुरुषी हार्मोन अडवणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या दिल्या आणि मे महिन्यात तो हार्मोन दाबणारं ल्युप्रोलाईडचं २२.५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन सुरू झालं, दर तीन महिन्यांनी एक. ऑगस्ट-सप्टेंबरात पुण्यात लाईटच्या (रेडिएशनच्या) २० सिटिंग झाल्या. आठवं आणि शेवटचं इंजेक्शन फेब्रुवारी २०२४ ला.

अण्णांना रजिस्टर ठेवायची सवय. त्यांनी आजाराचीही वही केली आहे, रेघा मारून, दुधाच्या रजिस्टरसारखी. त्यातले आकडे जसेच्या तसे देतो:

नोव्हेंबर २०२२ : ०.३१
फेब्रुवारी २०२३ : ०.०६
ऑगस्ट २०२३ : ०.०३
फेब्रुवारी २०२४ : ०.०२
ऑगस्ट २०२४ : ०.०५
डिसेंबर २०२४ : ०.१९
मार्च २०२५ : ०.४६
जून २०२५ : ०.७१
जुलै २०२५ : ०.५२

जूनची तपासणी पुण्यात केली, कारण तेव्हा अण्णा माझ्याकडे होते. लघवीला जळजळ होती म्हणून पाच दिवस गोळ्या चालू होत्या, त्याच रक्तात पीएसएही करून घेतला. बाकी सगळ्या तपासण्या अकलूजच्या एकाच लॅबमध्ये.

जूनचा रिपोर्ट मोबाईलवर आला आणि माझ्याआधी अण्णांनीच उघडला. ताटात भाकरी तशीच राहिली. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तलाठ्याकडं एकदा जाऊन येऊ, सातबाऱ्यावर तुमची नावं लावून घेऊ." गावी परत गेल्यावर आईला म्हणाले, मोठी कालवड विकून टाक, तुला एकटीला दोन जनावरं निभायची नाहीत. हे ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

इंटरनेटवर सगळीकडे ०.२ च्या वर गेलं की आजार परतला असं लिहिलंय. अण्णा तर ०.५ च्या वर आहेत. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, तीन महिन्यांनी या." ओपीडीत गर्दी होती, मलाही पुढचं विचारायचं सुचलं नाही. मग जुलैत मीच अण्णांना पुन्हा अकलूजला तपासायला लावलं, तर ०.५२. वाढलं म्हणायचं की कमी झालं? नुसतं थांबायचं की पेट स्कॅनचा आग्रह धरायचा?

सातपूर_६८

नाशिकहून लिहितोय. नऊ वर्षं या आकड्यांबरोबर राहतोय, म्हणून आधी एक गैरसमज काढतो. ०.२ ची रेघ तुमच्या वडिलांची नाही. ती माझी आहे.

२०१६ मध्ये ऑपरेशन करून माझी प्रोस्टेट ग्रंथी पूर्ण काढली. ग्रंथीच नसेल तर पीएसए तयार करणारं शरीरात फारसं काही उरत नाही. रक्तातला जुना पीएसए दर दोन-तीन दिवसांनी अर्धा होत जातो, त्यामुळे दीड-दोन महिन्यांत आकडा जवळपास शून्यावर यावा लागतो. पुढे तो ०.२ ला पोचला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, तर आजार परतला असं धरतात. माझं २०१९ मध्ये तेच झालं. ०.०८, ०.१३, ०.२१, परत ०.२४. मग लाईटच्या ३३ सिटिंग घेतल्या. तेव्हापासून रिपोर्टवर "०.०१ पेक्षा कमी" येतंय.

अण्णांची ग्रंथी जागेवर आहे. लाईटनं कॅन्सरच्या पेशी त्याच दिवशी मरत नाहीत. त्यांच्या डीएनएला इजा होते आणि पुढे कधीतरी दुभंगायला गेल्या की मरतात. म्हणून लाईटनंतर पीएसए सावकाश उतरतो, तळाला जायला दीड-दोन वर्षंही लागतात. शिवाय ग्रंथीतला काही चांगला भाग शिल्लक राहतो आणि तोही थोडा पीएसए करतो. तिथे धरायचा नियम असा: सगळ्यात खालचा आकडा अधिक २. अण्णांचा तळ ०.०२, म्हणजे रेघ २.०२ ची. २००५ साली अमेरिकेत फिनिक्स शहरी डॉक्टरांची बैठक झाली, त्यात हे ठरलं. म्हणून याला फिनिक्स व्याख्या म्हणतात. तुमच्या डॉक्टरांच्या "ठीक आहे" मागे बहुधा हेच असावं. त्यांनी दोन वाक्यं जास्त सांगितली असती तर तुमच्या घरातली ती भाकरी उरली नसती, याचं मला फार वाईट वाटतं.

याचा अर्थ २ होईपर्यंत डोळे मिटून बसा असा नाही. आकडा एका चालीनं चढतच राहिला तर डॉक्टर त्याआधीही पीएसएमए पेटचा (प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशी शरीरात कुठे आहेत ते दाखवणाऱ्या स्कॅनचा) विचार करतात. पण त्याआधी मला एक विचारायचंय. तुमच्या यादीत टेस्टोस्टेरॉन, म्हणजे इंजेक्शननं दाबलेला तो पुरुषी हार्मोन, कुठे आहे?

शेवटचं इंजेक्शन फेब्रुवारी २०२४ चं, म्हणजे असर मेपर्यंत. दोन वर्षं दाबून ठेवलेला हार्मोन नंतर हळूहळू जागा होतो. या वयात वर्ष-दीड वर्ष लागू शकतं, काहींचा पूर्ण परततही नाही. प्रोस्टेटच्या पेशी, चांगल्या काय नि वाईट काय, टेस्टोस्टेरॉनवर जगतात. शिकागोच्या चार्ल्स हगिन्सनी १९४१ मध्ये हे दाखवलं, १९६६ ला त्यांना नोबेल मिळालं, आणि तुमच्या वडिलांचं इंजेक्शन त्याच तत्त्वावर चालतं. हार्मोन परतला की उरलेली चांगली ग्रंथीही पीएसए करू लागते. इंजेक्शन बंद झाल्यावर ०.०५, ०.१९, ०.४६ असं चढणं यातूनही होऊ शकतं. म्हणून टेस्टोस्टेरॉन बघितल्याशिवाय या चढाचा अर्थ लावता येत नाही.

आणि "पीएसए दुप्पट व्हायला किती महिने लागतात" हे मोबाईलवर काढत बसू नका. हार्मोन चढता असताना तो हिशेब फसवतो. मी स्वतः २०१९ मध्ये दोन रात्री तेच करत जागा होतो.

श्रीद

आमच्या वडिलांना फक्त लाईट दिली होती, इंजेक्शन नाही. सव्वा वर्षानं ०.४ चा १.१ झाला, आम्ही हादरलो. औषध काहीच बदललं नाही. सहा-सात महिन्यांत आपोआप ०.३ वर आला. डॉक्टर त्याला "बाउन्स" म्हणाले, लाईटनंतर काही जणांत होतं म्हणे. सगळ्यांचं तसंच असेल असं नाही, पण होतं एवढं सांगतो.

काचपट्टी

माळशिरसकर दादा, मी कोल्हापूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, एकोणीस वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचाराचं बोलणार नाही. रक्त आणि मशीन एवढ्यापुरतंच.

आधी तुमच्या यादीतून पुण्याचा आकडा बोटानं झाका आणि परत वाचा. अकलूज, अकलूज, अकलूज: ०.१९, ०.४६, ०.५२. डिसेंबर ते मार्च मोठी उडी, आणि मार्च ते जुलै, चार महिन्यांत, फक्त ०.०६. ०.७१ मध्ये आल्यामुळे ही चाल दिसेनाशी झाली.

पीएसए मोजणारी मशीनं वेगवेगळ्या कंपन्यांची असतात, आणि ती ज्या प्रमाणावर लावून घेतात तीही दोन आहेत. एक जुनं, हायब्रिटेक कंपनीचं, दुसरं जागतिक आरोग्य संघटनेचं. एकाच नळीतलं रक्त दोन्हीकडे चालवलं तर वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक पडू शकतो. दोन्ही रिपोर्ट खरे असतात, पण ते एकाखाली एक लिहायचे नसतात. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात पद्धतीचं नाव असतं, "सीएलआयए" किंवा "ईसीएलआयए" असं काहीतरी. ते दोन्ही रिपोर्टवर सारखं आहे का बघा. लॅबला फोन करून मशीन कोणतं, हेही विचारा. विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि चांगल्या लॅबला असा प्रश्न आवडतो.

दुसरं म्हणजे ती जळजळ. ग्रंथी जागेवर असताना लघवीचा संसर्ग झाला की ती सुजते आणि पीएसए रक्तात जास्त उतरतो. लघवीची नळी घातली असेल तरी तेच. अशा वेळी आम्ही सांगतो, संसर्ग बरा होऊ दे, काही आठवडे जाऊ देत, मग या. जळजळ चालू असताना रक्त घ्यायला नको होतं. तुमची चूक नाही, कुणी सांगितलंच नसेल.

तिसरं, मशीन तेच आणि माणूस ठणठणीत असला तरी आकडा आठवड्या-आठवड्याला थोडा हलतोच. ०.४६ आणि ०.५२ मध्ये मी फार काही वाचणार नाही.

चौथं कुणी विचारत नाही, पण मी प्रत्येकाला विचारते. केसांच्या, नखांच्या किंवा ताकदीच्या गोळ्या चालू आहेत का? त्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. जास्त डोसाचं बायोटिन काही मशीनांवर पीएसए खोटा कमी दाखवतं आणि त्याच मशीनवर टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त. आमच्याकडे एका आजोबांना मुलीनं प्रेमानं परदेशातून गोळ्या पाठवल्या होत्या, दिवसाला १० मिलिग्रॅमची. रिपोर्ट बघून घरचे खूष झाले, पण डॉक्टरांना पटेना. गोळ्या थांबवून आठवड्यानं परत रक्त घेतलं तेव्हा खरा आकडा दिसला. अण्णांचं असं काही असेल तर डॉक्टरांना विचारून तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. प्रोस्टेट वाढीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर तेही कळवा, त्यानं पीएसए साधारण निम्मा होतो.

आणि टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळीच द्या, दहाच्या आत. दुपारी ते खाली असतं.

माळशिरसकर

काका, ताई, काय बोलू. टेस्टोस्टेरॉन एकदाही केलेलं नाही. रिपोर्ट शोधले: अकलूजच्या रिपोर्टवर पद्धत एक, पुण्याच्या रिपोर्टवर दुसरी. गोळ्या काही नाहीत, फक्त कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व.

ताईंचं लिहिणं मी काल रात्री फोनवर अण्णांना वाचून दाखवलं. मशीनचं आलं तशी त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "हे तर आपल्या फॅटसारखंच आहे." संकलन केंद्रावर सकाळी ते फॅट काढायचे, पूर्वी ॲसिड घालून काचेच्या नळीत, पुढे मशीन आलं. एकाच कॅनचं दूध गावात ३.८ लागायचं आणि चिलिंग सेंटरला ३.६. सुरुवातीला गवळी अण्णांच्या अंगावर यायचे, पाणी घातलं म्हणून संशय. अण्णा दोन्हीकडच्या चिठ्ठ्या वेगळ्या टाचणीला लावायचे आणि तिकडचा आकडा इकडच्या रजिस्टरला कधीच चढवायचे नाहीत. "मग माझ्या वहीत पुण्याचा आकडा मी का चढवला?" असं म्हणाले, आणि जूनच्या ओळीला पेन्सिलीनं चौकट केली. खोडलं नाही. खोडाखोड त्यांना चालत नाही.

दीड महिन्यात पहिल्यांदा ते या विषयावर इतकं बोलले.

मांडवी

मी म्हापशाची. माझ्या यजमानांचा आजार अण्णांपेक्षा पुढचा आहे, म्हणून घाबरवायला नाही, पण दोन गोष्टी सांगायला हव्यात असं वाटलं.

२०१९ मध्ये सापडला तेव्हा पीएसए ३१२, हाडांत पसरलेला. इंजेक्शन आणि बायकॅल्युटामाइड यावर तो ०.९ पर्यंत आला. २०२१ मध्ये मीच आजारी पडले, त्यांना न्यायला कुणी नव्हतं, आणि एक इंजेक्शन पाच आठवडे चुकलं. पुढच्या तपासणीत पीएसए वर. मी रडायचीच बाकी होते. डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन बघितलं तर ११८. इंजेक्शन चालू असताना ते ५० च्या खाली असायला हवं. इंजेक्शन दिलं आणि आकडा खाली आला. म्हणजे औषध चालत होतं, ते वेळेवर पोचलं नव्हतं. तेव्हापासून दर तपासणीला दोन्ही आकडे एकत्र बघतो.

२०२२ मध्ये मात्र १.४, २.६, ४.९ असा चढला आणि टेस्टोस्टेरॉन होतं १४. तेव्हा कळलं की इंजेक्शन आपलं काम करतंय, आजारानं दुसरी वाट काढलीय. त्यावर डॉक्टरांनी आधी गोळी वाढवली नाही, बायकॅल्युटामाइड उलट बंद केली. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण काही जणांत बऱ्याच काळानं ती गोळीच आजाराला खाद्य देऊ लागते, बंद केली की पीएसए उतरतो. यांचा २.८ वर आला आणि पाच महिने तसा टिकला. परत चढल्यावर २०२३ मध्ये ॲबिराटेरॉन (हार्मोन बनणंच रोखणारी गोळी) सुरू केलं, प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडबरोबर, उपाशीपोटी. सुरू केलं तेव्हा ५.३, महिन्यानं ६.०. मी म्हटलं लागू पडलं नाही. डॉक्टर म्हणाले, नवीन औषधाच्या पहिल्या तीन महिन्यांत नुसत्या पीएसएवर निकाल देत नाही, कधी कधी आधी वर जाऊन मग उतरतो. तिसऱ्या महिन्यात १.४ आला.

आता दुसरी गोष्ट, ही माझ्या मनाला लागून राहिलीय. गेल्या वर्षी पीएसए १.६ वर स्थिर होता. आम्ही दोघं निर्धास्त. त्यांची कंबर दुखत होती, ते म्हणत राहिले की झोपाळ्यावर बसून अवघडलीय. आकडा चांगला म्हणून मीही मनावर घेतलं नाही. एमआरआय केला तेव्हा मणक्यात निघालं. लगेच लाईटच्या पाच सिटिंग दिल्या आणि ते चालते राहिले. आकडा स्थिर आहे म्हणून दुखण्याकडे दुर्लक्ष करू नका. रात्री झोपेतून उठवणारं पाठीचं दुखणं, पायातली ताकद कमी झाल्यासारखी वाटणं, लघवी-संडासचा ताबा जाणं, यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. अण्णांचं वळण यावर जाणार नाही असंच मला वाटतं, पण आईंना हे माहीत असू दे. पुरुषमाणसं दुखणं सांगत नाहीत.

सातपूर_६८

मांडवीताईंनी लिहिलंय त्यातलं इंजेक्शनच्या तारखेचं ज्यांचं औषध चालू आहे त्या सगळ्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

माळशिरसकर, डॉक्टरांकडे जाताना कागदावर तीनच ओळी न्या: शेवटचं इंजेक्शन कधी, अकलूजचे आकडे तारखांसह, आणि टेस्टोस्टेरॉन. मग गर्दीतही बोलणं होतं.

माळशिरसकर

ऑक्टोबरअखेर लिहितोय. मध्ये ऊसतोडीची गडबड सुरू झाली, उशीर झाला, माफ करा.

अकलूजच्या त्याच लॅबमध्ये सकाळी साडेसातला दोन्ही तपासण्या केल्या. पीएसए ०.५५. टेस्टोस्टेरॉन २८६. आदल्या आठवड्यात लघवीही तपासली होती, संसर्ग नाही.

काकांनी सांगितल्याप्रमाणे कागद नेला. डॉक्टरांनी तो समोर ठेवला आणि स्वतःच पेननं रेघ काढून दाखवली: हार्मोन परतत होता तेव्हाचा चढ, आणि मार्चपासूनचा जवळजवळ सपाट भाग. सध्या स्कॅन नको म्हणाले. दर तीन महिन्यांनी दोन्ही आकडे, त्याच लॅबमध्ये, आणि वर्षभर बघू. परत एका दिशेनं चढायला लागला तर पीएसएमए पेट करायचा. म्हणजे सुटलो असं नाही, हे मला कळतंय. अण्णांनाही कळलंय. पण काय बघायचं ते आता माहीत आहे. मांडवीताईंनी सांगितलेली लक्षणंही मी अण्णांसमोरच विचारली. डॉक्टर म्हणाले, बरोबर सांगितलंय. आईनं ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली आहेत.

वहीत अण्णांनी नवीन रकाना आखलाय, वर "टे." लिहिलंय. मागच्या सगळ्या ओळींत त्या रकान्यात आडवी रेघ, ऑक्टोबरच्या ओळीत २८६. कालवड अजून गोठ्यात आहे, गाभण आहे. सातबाऱ्याचं काम मात्र करून घेतलं, ते कधीतरी करायचंच होतं.

मांडवीताई, यजमानांची कंबर आता कशी आहे? अण्णा दर फोनला विचारतात.